बटाटे घातलेली अळंबी

अळंबीत बटाटे घालायची पद्धत आमच्या घरात नाही. अळंबी म्हणजे अळंबी. खोबरेल तेल, कांदा, लसूण, हळद, घरचा मसाला, वरून ओलं खोबरं आणि आंबटाला कोकमाची दोन सोलं. त्यात बटाटा ढकलायचा तर मग सरळ बटाटाच खावा, अळंबीची नाचक्की कशाला? म्हणून त्या रविवारी मी देवाची फुलं काढून मागल्या दाराने आत आले आणि सून विळीवर बटाट्याच्या काचऱ्या करताना दिसली, शेजारी केळीच्या पानावर अळंबी, तेव्हा पहिला प्रश्न मला हाच पडला की ही बटाटे कशाला चिरतेय. दुसरा प्रश्न त्याहून मोठा होता. ही अळंबी हिने आणली कुठून?

"खंयची गो ही?" मी विचारलं.

"कट्ट्यार गावली, बाजारात," अक्षदा म्हणाली. मान वर केली नाही.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. कट्टा आमच्या वाडीपासून पाच किलोमीटर. एसटी नऊची, ती कधी सव्वानऊच्या आधी आलेली नाही. निकेत, म्हणजे माझा मुलगा, तिचा नवरा, अजून पांघरुणात होता, त्याची मोटारसायकल पडवीत कोरडी ठणठणीत. मग ही बाजारात गेली कधी आणि आली कधी? मागल्या दारात तिच्या चपला पडल्या होत्या. त्यांना तांबडा चिखल लागला होता, टाचेपासून पट्ट्यापर्यंत. कट्ट्याच्या डांबरी रस्त्यावर असला चिखल लागत नाही.

मी एक अळंबी उचलून बघितली. देठ हाताने पिळून काढलेला, सुरीने कापलेला नव्हे. देठाला चिकटलेली माती पिवळसर, मऊ, पिठासारखी. ती माती मी डोळे मिटून ओळखेन. आमच्या पाणंदीच्या वर, चढणीच्या शेवटी एक वारूळ आहे, त्याची ती माती.

आता हे वारूळ काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, नाहीतर मी उगाच एवढी पेटले असं वाटेल. आमच्याकडे श्रावणात मासे बंद, कोंबडी बंद. महिनाभर डाळ-भात आणि पालेभाजी खाऊन माणसाची जीभ मरते. त्या दिवसांत अळंबी म्हणजे सोनं. ती लावता येत नाही, वाढवता येत नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या आठवड्यात आपली आपण वर येते आणि दोन दिवसांत काढली नाही तर कुजते. म्हणून ज्याला जागा माहीत त्याची अळंबी. गावात प्रत्येक घराची जागा असते आणि ती त्या घरातल्या एकाच बाईला ठाऊक असते. पुरुषांना, आमच्या भाषेत बापयांना, सांगत नाहीत, कारण पुरुष पारावर बसले की बोलतात.

आमच्या घरात ही जागा सासू सुनेला सांगते. कधी सांगायची ते सासूने ठरवायचं. माझी सासू पार्वती, तिने मला लग्नानंतर एकोणीस वर्षांनी सांगितली. मागल्या दारात उभं केलं, कानात सांगितलं, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघर माझं झालं. आमच्याकडे किल्ल्या-बिल्ल्या देण्याची भानगड नाही, कारण किल्ली लावावी असं घरात काही नव्हतंच. जागा सांगितली म्हणजे घर हातात दिलं. एकोणीस वर्षं मी त्याची वाट बघत होते, आणि ज्या दिवशी तिने सांगितलं त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन रडले.

अक्षदाला मी सांगितली नव्हती. तिच्या लग्नाला चारच वर्षं झाली होती. शिवाय ती मालवणच्या किनाऱ्यावरची, होडीवाल्यांच्या घरातली. निकेतने स्वतः पसंत केलेली. तिची आई कट्ट्याच्या बाजारात पाटी घेऊन बसते, मासळी असेल तेव्हा मासळी, नसेल तेव्हा सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी. जिच्या माहेरी मिळेल ते विकायला बसायची सवय, तिला अळंबीची जागा सांगायची? पुढच्या श्रावणात आमचं वारूळ शंभर रुपये वाट्याने कट्ट्याच्या बाजारात दिसलं असतं. असं मला वाटायचं, आणि मी ते लपवत नाही.

पण माझा संशय एवढ्यावर थांबणारा नव्हता. निकेत सावंतवाडीला एका पतपेढीत नोकरीला. रोज जाऊन-येऊन त्याची कंबर मोडते. दोन वर्षं तो सावंतवाडीत खोली घेऊ म्हणतोय आणि दोन वर्षं अक्षदाच नको म्हणतेय. "मी हयच बरी आसंय," एवढंच म्हणते. आता मला सांगा, आजकालची पोर, दहावी पास, सिनेमाची आवड, सावंतवाडीची तळ्याकाठची खोली सोडून शेणगोठ्यात कशाला राहील? यांना, म्हणजे निकेतच्या बाबांना, गुरुदासना, वाटायचं सून गुणी आहे. मला वाटायचं हिचा डोळा काजूच्या बागेवर आहे. आणि त्याच वेळी देवासमोर हात जोडताना मी रोज एकच मागत होते, की ही दोघं जाऊ नयेत. निकेत माझा एकुलता एक. तो गेला की या घरात आम्ही दोन म्हातारी आणि एक टीव्ही. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात कशा राहत होत्या ते मला सांगता यायचं नाही.

आणखी एक गोष्ट मनात सलत होती. आल्या आल्या अक्षदा प्रत्येक भाजीला मला विचारायची, आई, मीठ कितका घालू? गेली दोन वर्षं तिने विचारणंच सोडलं होतं. एकदम. मी त्याला मस्ती म्हणत होते.

तर मी फुलं देवघरात ठेवली आणि बेल आणायचं निमित्त करून पाणंदीने वर गेले. दोन वर्षांपूर्वी चिकनगुनियाची साथ आली होती, तेव्हापासून माझे गुडघे माझे राहिलेले नाहीत. दोन दिवस मी आज जाऊ, उद्या जाऊ करत होते ते त्यामुळेच. चढताना दोनदा बसले. शिवणीच्या झाडामागे पोचले तेव्हा वारुळाभोवतीची जमीन मोकळी होती. कोणीतरी पहाटेच येऊन गेलं होतं. मी वाकून भोकं मोजली. साठाच्या आसपास होती. आणि वारुळाच्या उगवतीच्या अंगाला पाच अळंब्या तशाच उभ्या होत्या, न काढलेल्या.

हे बघून मात्र मी गोंधळले. पाच ठेवायच्या ही आमच्या घरची रीत. त्या जागेसाठी ठेवायच्या, पुढच्या वर्षी परत याव्यात म्हणून. चोराला पाच ठेवायची गरज काय? पण संशयाला एकदा पाय फुटले की तो उलटी वाटही सुलट करून घेतो. मी ठरवलं की तिने माझ्यावर पाळत ठेवली असणार. गेल्या वर्षी मी आले तेव्हा ही झाडाआड उभी राहून माझं बघत असणार.

मग दुसरा हिशेब. भोकं साठ. पानावर मी बघितल्या त्या जेमतेम तीस. उरलेल्या तीस गेल्या कुठे? आणि तेव्हा मला बटाट्याचा अर्थ लागला. बटाटा घातला की कढई भरलेली दिसते. किती अळंबी होती ते कोणाला कळत नाही. अर्धी माहेरी पोचवायची आणि अर्ध्यात बटाटे घालून सासरच्यांची तोंडं बंद करायची. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

उतरताना पाणंदीच्या तोंडाशी शेवंती भेटली. ही आमची शेजारीण. माझ्या हातात बेल बघून तिने पाणंदीकडे एक नजर टाकली, कारण गेली वीस वर्षं ती आमची जागा शोधतेय.

"यशोदे, तुजी विहीण आता अळमी पण इकता काय गो?" ती म्हणाली. "काल कट्ट्यार बगलंय. शंभराक वाटो. तू दर वर्साक कट्ट्यारसून घेतंय म्हणतंस, म्हणान मी मुद्दाम बगूक गेलंय."

"तीच व्हती? सारकी बगलंस?"

"इरला घेवन बसलेली. तोंड सारक्या दिसला नाय. पण थयच बसलेली, तिच्याच जाग्यार."

आता काल विकलेली अळंबी आज पहाटे कशी काढली असेल, हा विचार मी करायला हवा होता. केला नाही. मी शेवंतीला म्हटलं, ये घराकडे, चहा घे. मला साक्षीदार हवा होता.

घरात शिरले तर वास सगळीकडे पसरलेला. अक्षदा चुलीपुढे होती. गॅस असूनही अळंबी चुलीवरच करायची हे तिला कोणी सांगितलं होतं देव जाणे. लोखंडी कढईत तिने आधी बटाट्याच्या काचऱ्या तेलावर कडा लाल होईपर्यंत परतून बाजूला काढल्या होत्या. त्याच तेलात लसूण ठेचून टाकली, कांदा टाकला, मग अळंबी. अळंबी हाताने उभी फाडलेली. तिला पाणी सुटलं, ते पाणी तिने झाकण न ठेवता आटू दिलं, घाई केली नाही. मग हळद, मसाला, मीठ, दोन सोलं, शेवटी काचऱ्या परत आत आणि वर खोबरं. उलथनं कढईच्या बुडाला लागल्याचा आवाज येत होता. मी दारात उभी राहून चूक शोधत होते आणि बटाटे सोडले तर मला एकही सापडली नाही. त्याने मी अजून चिडले.

पानं मांडली. हे बसले, निकेत बसला. शेवंती उंबऱ्याशी पाटावर, चहाचा कप हातात धरून. अक्षदा कढई घेऊन वाढायला आली तेव्हा मी म्हटलं, थांब.

देवघरात लक्ष्मीपूजनाचा चांदीचा रुपया असतो. तो मी आणला आणि सगळ्यांच्या देखत कढईत टाकला.

"ह्या काय करतंस गो?" हे म्हणाले.

"इखारी असली तर रुपयो काळो पडता," मी म्हटलं. "कोणाची हाडलेली आसा म्हायत नाय. हिका पारख काय? समुद्रावरच्यांका अळमी काय कळता?"

आरोग्य केंद्रातली नर्सबाई दर पावसाळ्यात येऊन सांगते की रुपयाने काही कळत नाही, अनोळखी अळंबी खाऊच नका. मला ते माहीत होतं. ती अळंबी अनोळखी नाही हेही मला माहीत होतं, माझ्याइतकं कोणालाच नव्हतं. मला फक्त तिला त्या कढईपुढे उभी ठेवायची होती. पाच मिनिटं आम्ही सगळे त्या रुपयाकडे बघत राहिलो. भात निवला. मग मी चमच्याने रुपया वर काढला, पदराने पुसला. पांढरा स्वच्छ होता. आणि मला वाईट वाटलं. अळंबी विषाची नाही म्हणून माणसं सुटली याचा आनंद व्हायचा, तिथे मला वाईट वाटलं, इथपर्यंत मी पोचले होते.

"झाला समाधान?" निकेत म्हणाला.

"रुपयाक काय कळता चोरीची हाडलेली आसा ती?" मी म्हटलं.

झालं, बोलून गेले. शेवंतीने कप खाली ठेवला. मी अक्षदाकडे वळले. "कट्ट्यार गेल्लंस कदी? कोणत्या गाडीन? देठाक माती खंयची ती सांग. बाकीची तीस खंय आसत? आवशीक धाडलंस?"

अक्षदाने एकदा यांच्याकडे, एकदा निकेतकडे, मग शेवंतीकडे बघितलं. "कट्ट्यार गावली," ती पुन्हा म्हणाली.

"बग," मी शेवंतीला म्हटलं, "अजून खोटा बोलता."

अक्षदाने कढई खाली ठेवली. एक ताटली घेतली, तिच्यात भाजी घेतली आणि तिथेच जमिनीवर बसून खायला लागली. पुरुषांच्या आधी, आमच्या सगळ्यांच्या समोर. रडत नव्हती. एकेक घास नीट चावत होती. ताटली संपली तेव्हा ती उठली, हात धुतला, आणि कढई उचलून यांना वाढलं, निकेतला वाढलं. माझ्या पानात वाढायला आली तेव्हा मी हात आडवा धरला.

निकेतने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "ह्याच म्हयन्यात खोली घेतंय," तो यांना म्हणाला, माझ्याकडे न बघता. "आता कोणाचा आयकूचंय नाय." दोन वर्षं या वाक्यावर अक्षदा नको म्हणायची. मी वाट बघितली. या वेळी तिने नको म्हटलं नाही. तरी मी तोंड वाकडंच ठेवलं.

दुपारी हे झोपले, निकेत मोटारसायकल काढून कुठेतरी गेला. शेवंती तर केव्हाच गेली होती, तिला गावभर फिरायचं होतं. अक्षदा विहिरीवर भांडी घासत होती. मी तिच्या खोलीत शिरले. मला उरलेली तीस अळंबी हवी होती. ती सापडली की मी खरी. मी कपाट उघडलं. साड्या खाली ओढून त्यांच्या मागे बघितलं. माहेरी जाताना नेते ती पिशवी उलटी केली, त्यातून एक कंगवा आणि गोळ्यांचं पाकीट पडलं. मी खाटेखाली वाकले होते तेव्हा मागून आवाज आला.

"ह्या सोदतास?"

ती दारात उभी होती, ओल्या हातांनी. हातात बांबूची रोवळी, तिच्यावर हळदीचं पान. पान बाजूला केलं तर खाली उरलेली अळंबी, स्वच्छ करून, कोरडी पुसून ठेवलेली.

"तुमका बटाटो आवडना नाय," ती म्हणाली. "म्हणान अर्धी वेगळी ठेवलंय. ह्यांका बटाटो लागता, तुमका नुसती होई. रातीक तुमची करूची व्हती."

मी खाटेला धरून उठले. गुडघा कटकन वाजला. चोर पकडायला आलेली मी, सुनेच्या साड्या जमिनीवर पसरून उभी होते.

"आणि माजी आवस कट्ट्यार बसली नाय," ती म्हणाली. "दोन म्हयने झाले, तिचो हात मोडलो हा. घरातच बसान आसा. तुमी कदी इचारलास नाय, मी सांगलंय नाय."

"मगे तुका जागो कोणी दाखवलो?" मी विचारलं. माझा आवाज खाली आला होता, पण प्रश्न सोडवत नव्हता.

"तुमीच."

"मी? कदी?"

"चिकनगुनिया झालेलो तेवा. तिसऱ्या दिवशी. बाबा रिक्षा बगूक गेलेले, हे सावंतवाडीक. तुमी म्हटलास, अक्षदा, माका मागल्या दारात न्हे. तुमका उबा ऱ्हवाक येय नाय. मी काखेत धरून न्हेलंय. थय तुमी माज्या कानात सांगितलास."

"काय सांगितलंय?"

ती सांगायला लागली. एका दमात, पाठ केल्यासारखं. "पाणंदीन वर जा. शिवणीच्या मागे वारूळ. लोखंड लावू नको, हातान उपट. पाच ठेव. चुलीवरच कर. बापयांम्होरं, भायल्यांम्होरं इषय काडू नको. कोणी इचारल्यान तर कट्ट्याच्या बाजारात गावली म्हणान सांग. आणि आजपासून मीठ कितका घालूचा ता माका इचारू नको."

मी खाटेवर बसले. हे शब्द माझे नव्हते. हे माझ्या सासूचे शब्द, या क्रमाने, शेवटच्या मिठासकट. ते फक्त तिला आणि मला ठाऊक, आणि ती तर कधीच वारली. म्हणजे सांगितलं ते मीच. त्या तापाचं मला काहीही आठवत नाही. मरतेय असं वाटलं असेल आणि घर कोणाच्या तरी हातात द्यायला हवं म्हणून दिलं असेल. मग मी वाचले आणि दिलेलं विसरले.

"मगे जेवताना कित्याक नाय सांगलंस?" मी म्हटलं. "सगळ्यांम्होरं एवडा आयकान घेतलंस."

"बापये व्हते. शेवंतीकाकी व्हती. त्यांच्याम्होरं इषय काडू नको म्हटलास ना तुमी."

घरात चोर म्हणवून घेऊन तिने आमच्या घराचा शब्द राखला होता, आणि मी शेजारणीला त्यासाठीच बोलावून आणलं होतं. मला माझी लाज वाटली. ती कशी वाटते ते सांगायला नको, ज्याला वाटली त्याला ठाऊक आहे.

ती खाली बसून साड्यांच्या घड्या घालायला लागली. घड्या घालता घालताच बोलली. "माका वाटला तुमी माका घर दिलास. म्हणान मी सावंतवाडीक गेलंय नाय. हे रागावले, तरी गेलंय नाय. गेल्या वर्साक वाट बगलंय, आई कदी म्हणतली आज तू जा. तुमी गुडगे धरून सोताच गेलास. माका वाटला, अजून विश्वास बसाक नाय. ह्या वर्साक दोन दिवस तुमी उठाकच नाय. अळमी कुजतली म्हणान मी पाटेक गेलंय. तुमका बरा वाटात म्हणान." मग थोड्या वेळाने, "माका काय म्हायत ता तापात सांगितलास म्हणान."

ती रोवळी तिथेच ठेवून निघून गेली. मी स्वयंपाकघरात गेले. कढईच्या तळाला थोडी भाजी राहिली होती, गार झालेली. मी उभ्या उभ्या बोटांनी खाल्ली. बटाट्याच्या कडा अजून थोड्या कुरकुरीत होत्या आणि अळंबीचं सगळं पाणी त्या बटाट्याने पिऊन घेतलं होतं, त्यामुळे बटाटाही अळंबीसारखा लागत होता. मीठ बरोबर होतं. माझ्यापेक्षा चांगली झाली होती. मी कढई पुसून खाल्ली आणि मग कढई मांडीवर घेऊन बराच वेळ बसले.

माफी मागायला हवी होती, पण आमच्याकडे सासवा सुनांची माफी मागत नाहीत, आणि मला कशी मागतात ते येतही नाही. मला एवढंच सुचलं की जे तापात दिलं ते शुद्धीत द्यावं. रात्रभर मी ते मनात घोळवलं. ती ऐकेल, तिचे डोळे भरतील, निकेतला म्हणेल खोली नको. सगळं ठीक होईल असं मी ठरवून टाकलं, जशी आधी ती चोर आहे असं ठरवून टाकलं होतं.

सकाळी निकेत खोली बघायला म्हणून लवकर निघाला. जाताना "दोगांक पुरात येवडी बग," असं अक्षदा त्याला म्हणाली ते मी ऐकलं. हे शेताकडे गेल्यावर मी मागल्या दारात गेले. ती नळाखाली चहाची भांडी विसळत होती.

"अक्षदा, हंय ये," मी म्हटलं. "माका ताप नाय. कपाळाक हात लावन बग. आज शुद्धीत सांगतंय, आयक."

ती जागची हलली नाही. "नको आई," म्हणाली. "सांगू नकात."

"अगो, तुज्या हक्काचा आसा ता."

"आदी सांगितलास ता मी इसारतंय. माका आता ठावक नसलेला बरा." तिच्या आवाजात राग असता तर मी त्याला धरून भांडले असते, पण राग नव्हताच. "फुडल्या वर्साक कोणी तुमच्या आदी न्हेली, तर तुमी माजा नाव घेतल्याशिवाय ऱ्हवाचास नाय. सावंतवाडीत आसलंय तरी घेतल्यात. माका ठावकच नसला, तर तुमका तरी झोप लागात."

"नाय घेवचंय," मी म्हटलं. "देवाशपथ नाय घेवचंय."

ती भांडी विसळतच राहिली. माझ्या शपथेवर तिचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता. तरी मी दाराच्या चौकटीला धरून तिच्या पाठीमागे उभी राहिले, वाकले, आणि तिच्या कानाशी बोलायला लागले, पाणंदीन वर जा, शिवणीच्या मागे. तिने नळ मोठा केला. मी आवाज चढवला, लोखंड लावू नको, पाच ठेव. तिने नळ आणखी सोडला, पाणी भांड्यांवर आदळून आमच्या दोघींच्या अंगावर उडायला लागलं, आणि मी सांगत राहिले.